निनावी खबर आणि उघडा न्याय

गुन्हा घडतो त्या क्षणी सरकारचा अंमलदार तेथे क्वचितच हजर असतो. हजर असतो तो शेजारी, वाटसरू, रात्री जाग आलेला कोणी सामान्य गृहस्थ, आणि म्हणून ज्या शासनाला त्या गृहस्थाचा विश्वास संपादन करता आला नाही, त्याचे कायदे कितीही कडक असले तरी ते दप्तरातच राहतात. हे ओळखूनच व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आपल्या राजप्रासादाच्या भिंतींत दगडी सिंहमुखे बसविली होती. नागरिकाने आपली तक्रार लिहून त्या जबड्यात टाकावी, आणि ती १३१० साली स्थापन झालेल्या दशमंडळाच्या किंवा त्या त्या खात्याच्या हाती पडावी, अशी ती व्यवस्था होती. बिनसहीच्या पत्राआड सत्यनिष्ठेप्रमाणेच द्वेषही दडू शकतो, हे जाणून अशा पत्रांवर त्या राज्याने निर्बंधही घातले. तथापि १७९७ साली प्रजासत्ताक लयास गेले तेव्हा मागे उरली ती सिंहमुखांची दुष्कीर्तीच; कारण जेथे दशमंडळाची चौकशीच बंद दाराआड चाले, तेथे खबर देणाऱ्याचेही गुप्त राहणे आरोपीस दुहेरी अंधारासारखे वाटे.

ही प्रथा निराळ्या पायावर उभी राहिली ती अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या आल्बकर्की शहरात. १९७६ च्या जुलै महिन्यात तेथील एका पेट्रोल पंपावर रात्रपाळीस असलेला एक तरुण विद्यार्थी दरोडेखोरांच्या गोळीस बळी पडला, आणि आठवडे लोटले तरी तपासाला धागा मिळेना. तेव्हा ग्रेग मॅकअलीज या पोलीस अंमलदाराने स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राच्या साहाय्याने त्या घटनेचे नाट्यरूप प्रक्षेपित करविले, माहिती देणाऱ्यास इनाम जाहीर केले आणि त्याचे नाव विचारले जाणार नाही, असे अभिवचन दिले. लोक बोलत नाहीत ते भीतीमुळे आणि औदासीन्यामुळे, हे त्याचे निदान होते. पहिलीवर गुप्ततेचा आणि दुसऱ्यावर इनामाचा उपाय त्याने योजला. प्रक्षेपणानंतर एका माणसाने दूरध्वनीवरून त्या रात्री ऐकलेल्या आवाजाची आणि पाहिलेल्या मोटारीची हकिकत कळविली, आणि थोड्याच दिवसांत दोघे संशयित गजाआड झाले.

यातून जन्मलेल्या ‘क्राइम स्टॉपर्स’ या योजनेची खरी कल्पकता तिच्या घडणीत आहे. खबर देणाऱ्यास नावाऐवजी एक क्रमांक मिळतो. पुढील सर्व व्यवहार, इनामाची रक्कम पोहोचविण्यासह, त्या क्रमांकावरच चालतो. इनाम किती द्यावे हे नागरिकांचे मंडळ ठरविते, आणि तो पैसा सरकारी खजिन्यातून नव्हे, तर लोकांच्या देणग्यांतून येतो. त्यामुळे खबर देणारा हा पोलिसांचा पगारी हेर न राहता समाजाच्या वतीने बोलणारा नागरिक ठरतो. १९८२ मध्ये ही योजना कॅनडातील कॅलगरीत पोहोचली, तर १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये तिच्याच धर्तीवर धर्मादाय संस्था उभी राहिली.

न्यायालयांनी या प्रथेला संरक्षण दिले, तशी मर्यादाही घातली. १९९७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निनावी खबरीच्या टिपणातील ज्या तपशिलावरून माणूस ओळखू येईल, तो उघड करण्यास मनाई केली. उलट २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, बसथांब्यावरील एका मुलाजवळ पिस्तूल असल्याची केवळ निनावी वार्ता त्याची झडती घेण्यास पुरेशी नाही, असा निर्णय दिला. पिस्तूल प्रत्यक्षात सापडले असूनही! आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १२५ व्या कलमानेही गुन्ह्याची खबर कोठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अंमलदारावर करता येणार नाही, असे ठरविले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या अधिनियमातही ते तत्त्व कायम राहिले आहे.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य मला असे दिसते की, निनावी खबर ही तपासाचा आरंभ करू शकते, निवाडा करू शकत नाही. तिच्या आधारे अंमलदाराने शोध घ्यावा, पुरावा मिळवावा आणि तो उघड्या न्यायालयात, आरोपीच्या समक्ष, उलटतपासणीच्या कसोटीस उतरवावा. भित्र्या पण प्रामाणिक माणसाला आडोसा आणि आरोपीला उजेड, ही दोन्ही देणी जे राज्य एकाच निष्ठेने फेडते, त्यालाच आपल्या प्रजेकडून सत्याची अपेक्षा करण्याचा अधिकार आहे.