बेहसूद (हजारा जमात)

बेहसूद ही अफगाणिस्तानातील हजारा लोकांची एक प्रमुख जमात आहे. काबूलच्या पश्चिमेस, हेलमंद नदीच्या उगमाकडील डोंगराळ खोऱ्यांत तिची वस्ती असून हा प्रदेश आज मुख्यतः मैदान वर्दक प्रांतात मोडतो. हे लोक हजारगी ही फार्सीची बोली बोलतात व बहुतांशी शिया पंथाचे अनुयायी आहेत.

नेतृत्व

जमातीच्या सरदारांस ‘मीर’ म्हणत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध मीर यझदानबख्श होत. त्यांनी विखुरलेल्या सरदारांवर वर्चस्व मिळवले आणि काबूल-बामियान व्यापारी मार्ग काफिल्यांसाठी सुरक्षित केला. त्यांच्या वाढत्या सामर्थ्याने शंकित झालेला काबूलचा शासक दोस्त मोहम्मद खान याने त्यांना अभयवचन देऊन काबूलला बोलावले व कैद केले; तेथून ते निसटले. १८३२ मध्ये मात्र हाजी खान काकड याने मैत्रीचा विश्वास देऊन त्यांना पकडले व ठार केले. या मोहिमेसोबत असलेला इंग्रज प्रवासी चार्ल्स मॅसन याचा वृत्तांत हे या घटनेचे महत्त्वाचे साधन मानले जाते.

नंतरचा काळ

अमीर अब्दुर रहमान खान याने १८९१ ते १८९३ च्या युद्धात हजारांचे उठाव चिरडले. मीरांची सत्ता संपुष्टात आली आणि हजारा प्रदेशातील कुरणांवर पश्तून भटक्या पशुपालकांना, म्हणजे कुचींना, हक्क मिळाले. त्यातून उद्भवलेला चराईचा वाद एकविसाव्या शतकातही मिटला नाही. बेहसूदमध्ये त्यावरून सशस्त्र संघर्ष होऊन अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले.