व्हार्निश वाळते तेव्हा

शिडाच्या होडीच्या डोलकाठीला जुन्या पद्धतीचे व्हार्निश लावले, की त्यातला जवळजवळ निम्मा भाग हवेत निघून जातो. जवसाचे तेल आणि राळ लाकडावर राहतात. त्यांना पातळ करणारे टर्पेंटाइन किंवा पेट्रोलियमपासून काढलेला द्रावक उडून जातो. जातो कुठे? बाष्पीभवन शिकवताना आपणही बहुधा इथेच थांबतो.

या प्रश्नाचे उत्तर लॉस एंजेलिसमध्ये मिळाले. १९४३ पासून त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुरके साचू लागले होते. अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे रसायनतज्ज्ञ हागेन-स्मिट यांनी ती हवा तपासली. मोटारींतून, तेलशुद्धीकरणातून आणि द्रावकांतून येणारी हायड्रोकार्बन्स व नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र आली, की सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवले. ताणलेल्या रबराला पडणारे तडे हा त्याचा साधा पुरावा.

१९६६ मध्ये तिथे ‘नियम ६६’ आला. झायलीनसारख्या चटकन अभिक्रिया करणाऱ्या द्रावकांवर बंधन, मंद द्रावकांना मोकळीक. कारखान्यांनी द्रावक बदलले आणि काम भागले असे वाटले. पण मंद म्हणजे निष्क्रिय नव्हे! वाऱ्याबरोबर दूर गेलेला द्रावक उशिरा का होईना, ओझोन बनवतोच. १९७७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हे मान्य केले. मग ‘कोणता द्रावक’ याऐवजी ‘लिटरमागे किती ग्रॅम’ अशी मोजणी सुरू झाली. १९९२ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात विहारनौकांसाठी वेगळा नियम झाला. त्यात व्हार्निशची मर्यादा ४९० ग्रॅम होती, तीही लावतेवेळची; म्हणजे ब्रश बुडवण्याआधी ओतलेला थिनरही हिशेबात.

होडीवाल्याची खरी अडचण इथे आहे. लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने आकसते. म्हणून थर लवचिक हवा आणि त्यासाठी तेल भरपूर हवे. द्रावक कमी केला तर व्हार्निश दाट होते, ब्रशच्या रेघा उमटतात. जाड थराचा वरचा भाग हवेतला ऑक्सिजन घेऊन आधी घट्ट होतो, सुरकुततो. आत ओलेच राहते. १९९५ मध्ये ॲसिटोन हिशेबातून वगळला गेला, कारण त्यापासून ओझोन फारच थोडा बनतो. पण तो इतक्या झपाट्याने उडतो, की व्हार्निश सपाट पसरायला वेळच मिळत नाही.

मग पाइनच्या डिंकापासून मिळणारे ‘नैसर्गिक’ टर्पेंटाइन वापरावे का? त्यातले पायनीन साध्या पेट्रोलियम द्रावकापेक्षाही चटकन अभिक्रिया करते.