ओढ्याच्या पात्रातला इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आठवतात. यांतले काहीच नसलेला इतिहास वाचण्यासाठी आम्ही काही शिक्षक अकरावीच्या मुलांना घेऊन कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढलो.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात काळा बेसॉल्ट उघडा पडला होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यातून आलेल्या सिलिकाने त्या भरल्या. बेसॉल्ट झिजतो, पण आतले कॅल्सेडनीचे कठीण गोटे टिकतात. ओढा ते खाली आणून टाकतो. अशाच दगडांपासून माणसाने बोटाच्या पेराएवढी पाती काढली आणि लाकडात किंवा हाडात ओळीने बसवून हत्यारे केली. ही सूक्ष्मास्त्रे.

पुण्याच्या टेकड्यांवर ती वेचत हिंडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) पेशाने गणिती होते. ही हत्यारे ठरावीक पट्ट्यांतच का सापडतात, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांचे उत्तर असे: हे पट्टे म्हणजे गुरेमेंढरे घेऊन ऋतूप्रमाणे फिरणाऱ्यांच्या वाटा. नदीकाठची जड काळी जमीन लोखंडी फाळाशिवाय कसता येत नव्हती, म्हणून वावर उतारांवर होता. या वाटांचा आणि टेकड्यांवरच्या शेंदूर फासलेल्या देवस्थानांचा संबंध त्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात मांडला.

एका मुलीला पात्यासारखी कपची सापडली. “सर, हे हत्यार किती जुने?” आम्ही म्हटले, आधी हे हत्यार आहे का ते पाहू. माणसाने घाव घालून काढलेल्या कपचीवर घावाजवळ बहुधा बारीकसा फुगवटा असतो. इथे तो स्पष्ट दिसेना. शिवाय थरातून सुटून उघड्यावर आलेल्या दगडाचे वय नुसते त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. अशा वेळी तो कुठे, कशाजवळ पडला आहे, हाच मोठा पुरावा. मुलीने वहीत नकाशा काढला, जागेची खूण केली आणि कपची होती तिथेच ठेवली.

टेकडीच्या उतारावरून रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी मोर्चा काढला, तेव्हा झाडे, पाखरे आणि भूजल यांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यात हेही जोडायला हवे. कपची संग्रहालयात जपता येते, पण ती जिथे पडली तो उतार एकदा खणला की वाटेचा पुरावा कायमचा जातो. तुमच्या शाळेजवळ एखादा ओढा असेलच. मुलांना घेऊन एकदा त्याच्या काठाने चालून पाहा. वही मात्र विसरू नका.