गोदावरी जलमार्गाची नोंद : नाशिकच्या शिलालेखापासून संगणकीय नकाशापर्यंत

प्रस्तावना

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ हा १२ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. पूर्वीचे ५ आणि नव्याने घोषित झालेले १०६ अशा एकूण १११ जलमार्गांना त्याने राष्ट्रीय दर्जा दिला. यांतील राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावा असा आहे. २००८ साली हा जलमार्ग प्रथम घोषित झाला, तेव्हा त्यात गोदावरीचा केवळ भद्राचलम ते राजमहेंद्री हा भाग होता. २०१६ च्या अधिनियमाने तो भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत वाढविला. कृष्णेचा भाग व किनाऱ्यालगतचे कालवे धरून या जलमार्गाची एकूण लांबी २,८९० किलोमीटर दाखविली जाते. म्हणजेच देशाच्या जलमार्गांच्या अधिकृत यादीत नाशिक हे एका जलमार्गाचे टोक ठरले आहे.

उन्हाळ्यातील गोदावरीचे पात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही नोंद विस्मयकारक वाटणे स्वाभाविक आहे. एखादी नदी ‘नौकानयनयोग्य’ आहे, ही नोंद कोणत्या आधारावर केली जाते? अशा नोंदीत काय असावे लागते? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांचा गोदावरीच्या ऐतिहासिक साधनांच्या आधारे विचार केला आहे.

शिलालेखातील जलमार्ग

नाशिक परिसरातील जलवाहतुकीची सर्वांत जुनी पद्धतशीर नोंद पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आढळते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या शिलालेखात त्याच्या दानधर्माची यादी कोरलेली आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या, असे त्यात नमूद आहे. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात.

आजच्या परिभाषेत हा एक लहानसा भौगोलिक माहितीसंचच आहे. नदीचे नाव, वाहतुकीचे साधन, आकार आणि तीरावरील सुविधा अशी चार प्रकारची माहिती त्यात मिळते. मात्र ही नोंद नदी ओलांडण्याची आहे, नदीतून लांबवर प्रवास करण्याची नाही. मराठीत ‘तर’ हा शब्द नेमका याच सोयीसाठी आहे. शिवाय ज्या गोवर्धन परिसरात हा लेख कोरला गेला तेथूनच गोदावरी वाहते, तरीही तरीच्या या यादीत तिचे नाव नाही.

याच काळाच्या आसपासचा दुसरा पुरावा ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेचा. पैठण व तगर (तेर) येथील माल भडोच बंदराकडे गाड्यांतून, दुर्गम प्रदेशांतून नेला जाई, असे ती सांगते आणि भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे नोंदविते. पैठण हे तर गोदावरीच्या काठीच वसलेले आहे. तरीही त्याचा परदेशी व्यापाराचा माल खुष्कीच्या मार्गाने पश्चिम किनारा गाठत होता. सातवाहनकालीन व्यापाराच्या नकाशात वरची गोदावरी जलमार्ग म्हणून रंगविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न

गोदावरीचा जलमार्ग करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न ब्रिटिश काळात झाला. सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने १८४७ ते १८५२ या काळात धवलेश्वरम येथे बंधारा बांधला गेला. त्यानंतर नदीतून वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापूस पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना पुढे आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली आणि या योजनेला महत्त्व आले.

या मार्गात खडकाळ पात्राचे तीन मोठे अडथळे होते : डुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी. डुम्मागुडेम येथे बंधारा, कालवा व लॉक बांधण्यात आले. परंतु खर्च वाढत गेला आणि दरम्यान रेल्वे पुढे सरकली. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला मुंबईचा मार्ग खुला झाल्यावर जलमार्गाचे प्रयोजन उरले नाही आणि १८७१ मध्ये हे काम थांबविण्यात आले.

या इतिहासातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. नियोजित मार्ग सिरोंच्याजवळ गोदावरी सोडून प्राणहिता व वर्धा या नद्यांकडे वळत होता. जलवाहतुकीच्या सर्वांत उत्साही पुरस्कर्त्यांची ही महत्त्वाकांक्षी योजनादेखील नाशिककडे येणाऱ्या मुख्य प्रवाहावर आधारलेली नव्हती.

माहितीसंचाचे स्वरूप

सागरी नकाशांच्या परंपरेत केवळ किनारा दाखवून भागत नाही. १८७४ मध्ये कलकत्ता येथे सागरी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला. आज हे कार्य डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करते. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-५७ या मानकानुसार संगणकीय नकाशातील प्रत्येक घटकास गुणधर्म जोडलेले असतात : खोली, तळाचे स्वरूप, अडथळा, दिवा, सर्वेक्षणाचा दर्जा. नदीसाठीही याच पद्धतीचे नकाशे तयार होतात. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची (स्थापना १९८६) किमान उपलब्ध खोली दर्शविणारी संगणकीय प्रणाली २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे तत्त्व हेच की, जलमार्गाची ओळख त्याच्या लांबीवरून नव्हे, तर सर्वांत उथळ जागेवरून ठरते. वर्गीकरणातील सर्वांत खालच्या वर्गासाठीही १.२ मीटर खोली अपेक्षित आहे.

कोकणातील उदाहरणाने हा फरक स्पष्ट होतो. अंबा नदी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० असून तेथे धरमतरपर्यंत बार्जमधून मालवाहतूक चालते. भरतीचे पाणी, बंदर आणि नियमित माल या तिन्ही गोष्टी तेथे आहेत. अंबा आणि नाशिकची गोदावरी यांना एकाच अधिनियमाच्या अनुसूचीत स्थान आहे, परंतु दोहोंच्या गुणधर्मांचे रकाने भरू गेल्यास एक भरतो आणि दुसरा बहुतांशी रिकामा राहतो.

आजची गोदावरी

नाशिकच्या वरच्या बाजूला गंगापूर धरण (१९६५) आणि खाली नांदूरमधमेश्वर बंधारा, पैठणचे जायकवाडी धरण (१९७६), नांदेडचा विष्णुपुरी प्रकल्प, बाभळी बंधारा आणि तेलंगणातील श्रीरामसागर अशी साखळी उभी आहे. ही कामे सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी झाली, नावा जाण्यासाठी नव्हे. नांदूरमधमेश्वरला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशापर्यंत व पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला.

ज्या नदीच्या प्रत्येक थेंबावर नाशिक, अहिल्यानगर व मराठवाडा यांचा दावा आहे, तेथे बारमाही खोली राखणे म्हणजे आणखी एक दावेदार उभा करणे होय. म्हणून ही नोंद केवळ नकाशाशास्त्राचा तांत्रिक प्रश्न राहत नाही. अधिकृत माहितीसंचातील रेषा पुढे नियोजनाचा, निधीचा आणि कालांतराने हक्काचा आधार बनू शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वरच्या गोदावरीबाबत येथे पाहिलेली साधने तिच्या जलमार्ग असण्याला दुजोरा देत नाहीत. उषवदाताची यादी इतर नद्यांवरील तरींची आहे, तर पैठणचा माल गाड्यांतून जात होता. दोन, एकोणिसाव्या शतकात खडकाळ पात्र, वाढता खर्च व रेल्वेची स्पर्धा यांमुळे खालच्या टप्प्यातील योजनाही सोडून द्यावी लागली. तीन, जलमार्गाच्या माहितीसंचात लांबीबरोबरच महिनावार खोली, अडथळे, लॉकची उपलब्धता, वाहतुकीची दिशा (आडवी की लांबीची) आणि नोंदीचे साधन ही माहिती अनिवार्य मानली पाहिजे.

या कामी महाविद्यालयांतील इतिहास व भूगोल विभागांना मोठा वाव आहे. गोदाकाठच्या गावांतील जुन्या तरी, उतार आणि घाट यांची स्थाननिश्चितीसह नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. कायद्याच्या अनुसूचीतील एका ओळीला नदीच्या प्रत्यक्ष इतिहासाची जोड मिळाल्यास, पुढील काळातील निर्णय अधिक डोळसपणे घेतले जातील.