अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ऑपरेशन : घरी आल्यावरची शुश्रूषा

न्हावा शेवा परिसरात बंदर आणि कंटेनर यार्डात पाळीने काम करणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरातला माणूस अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन परतला की आपण वर्गणी काढतो, फळे घेऊन भेटायला जातो. ती फळे त्याला खाता येत नाहीत, आणि रात्री जागायला मात्र कोणी नसते.

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा रोगट भाग काढतात आणि बहुतेक वेळा जठराचीच नळी करून वर छातीत किंवा मानेत जोडतात. जठरात जागा कमी उरते आणि खालचे अन्न वर येऊ न देणारी झडप राहत नाही. खालचे बहुतेक नियम यातूनच येतात.

महावग्गात भगवान बुद्धांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः धुतल्याची कथा आहे. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. आम्ही त्याच आधाराने मांडणी करतो.

१. औषध देता येणे : अनेकांना पोटातून आतड्यात अन्ननळी बसवलेली असते. हात साबणाने धुवावेत. अन्न किंवा औषध देण्याआधी आणि नंतर उकळून कोमट केलेले पाणी नळीतून सोडावे, नाहीतर ती तुंबते. पाणी किती, हे डिस्चार्ज कार्डावर पाहावे. नळी निसटली तर स्वतः घालू नये. छिद्र काही तासांतच आकसते, म्हणून लगेच रुग्णालय गाठावे.

२. पथ्य जाणणे : तोंडाने खाण्याची परवानगी मिळाल्यावर पेज, मऊ खिचडी, अंडे, काटे काढलेले मासे असे थोडे थोडे, दिवसातून सहा-आठ वेळा द्यावे. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाच्या अंतराने द्यावे. जास्त गोड खाल्ल्यास घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नये. झोपतानाही डोके-छाती उंच ठेवावी. तंबाखू, मिश्री, दारू कायमची बंद.

३. मैत्रीभाव : घरची बाई एकटी थकते. चार-पाच कार्यकर्त्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. फळांपेक्षा ही मदत मोठी.

४. किळस न करणे : थुंकी, उलटी, जखमेचा स्राव न कुरकुरता साफ करावा आणि त्याचा रंग-वास बदलला का ते पाहावे. आठवड्याला वजन लिहून ठेवावे.

५. धीर देणे : आवाज बसलेला असेल तर आपण कमी बोलावे, त्याचे ऐकावे. श्वासाचे व्यायाम करून घ्यावेत, रोज सोबत चालावे.

ताप, धाप, छातीत दुखणे, जखमेतून पू, पोटरीला सूज, सतत उलटी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. गिळताना पुन्हा अडकू लागले तरी डॉक्टरांना कळवावे; जोड आकसला असेल तर तो दुर्बिणीतून रुंद करता येतो. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. परळचे टाटा रुग्णालय गाठायला जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. पण त्यावर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे. म्हणून कोणाची चारचाकी रात्री मिळेल, त्याचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवावा.