संगणकाची घड्याळे : प्रस्तावना

जुन्या लग्नघरांत मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. छिद्र नीट पाडलेले असेल तर पात्र वेळेवर बुडे. पण दोन बुडण्यांच्या मधली वेळ ते सांगू शकत नसे. अचूकता होती, सूक्ष्मता नव्हती. संगणकातल्या वेळमापनाचा अभ्यास याच दोन गुणांमधल्या फरकापासून सुरू होतो, आणि या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत त्याच फरकाने करावेसे वाटते.

मदरबोर्डवर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने करतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. हा स्फटिक साधारण 25 अंश सेल्सियसला सर्वांत जलद चालतो. उकाडा असो की थंडी, दोन्हीकडे तो मागेच पडतो, आणि तापमानातला फरक दुप्पट झाला तर ही चूक चौपट होते. वडनेर भोलजीच्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात एखादा बंद संगणक पत्र्याखालच्या खोलीत दिवसरात्र 45 अंशांवर राहिला, तर केवळ उष्णतेने त्याचे घड्याळ दिवसाला सेकंदाहून थोडे अधिक मागे पडेल.

चालू संगणक मात्र या घड्याळाकडे फारसा पाहत नाही. सुरू होताना वेळ वाचून घेतो. पुढचे ठोके ऑपरेटिंग सिस्टिम मोजते. 1981 च्या आयबीएम पीसीत ते सेकंदाला सुमारे 18.2 पडत, म्हणजे दोन ठोक्यांत जवळजवळ 55 मिलिसेकंदांचे अंतर. विंडोजमध्ये पुष्कळ वर्षे सेकंदाला 64 ठोके हा नेहमीचा वेग होता. प्रोग्रामने एका मिलिसेकंदाची विश्रांती मागितली, तरी जाग पुढच्या ठोक्यालाच येई. त्यातही प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतलेला असेल तर आणखी उशीर. टायमर फार तर ‘निदान इतका वेळ थांबेन’ एवढेच वचन देतो. ‘याहून जास्त थांबणार नाही’ असे कधीच म्हणत नाही. माझ्या मते या विषयातले निम्मे गोंधळ इथेच जन्मतात.

आजच्या प्रोसेसरमधला गणक नॅनोसेकंदाच्या घरातले फरक दाखवतो. त्या लांबलचक दशांशांना भुलू नये. त्याचा आधारही स्फटिकच, आणि दहा लाखांत वीस भागांची चूक दिवसाला 1.7 सेकंद होते. म्हणून संगणक नेटवर्कवरून आपली वेळ जुळवून घेतात. डेव्हिड मिल्स यांनी 1980 च्या दशकात घडवलेली एनटीपी ही पद्धत त्यासाठीच आहे. पण जुळवताना घड्याळ मागेही सरकू शकते. कामाला किती वेळ लागला हे मोजायचे, तर कधीही मागे न जाणारा गणक वापरावा; तारीखवेळेचे घड्याळ नव्हे.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे नोंदले जातात. अतिमंद गुरुत्वलहरींचे पुरावे 2023 मध्ये जाहीर झाले, त्यांत या नोंदींचाही वाटा होता. अशा कामात सूक्ष्मता आणि अचूकता दोन्ही लागतात, आणि संगणकाच्या टायमरवर विसंबून भागत नाही.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी वाचकाने आपल्याच संगणकाकडे एका मिलिसेकंदाची विश्रांती हजार वेळा मागावी, दर वेळी प्रत्यक्ष किती वेळ गेला ते नोंदवावे, आणि मग एखादे जड काम चालू ठेवून तेच पुन्हा करावे.