न उडणाऱ्या द्रवाची कथा

मोटारगाडी अमेरिकेत सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली त्या काळी हिवाळा हा तिचा मोठा वैरी होता. कारण इंजिनाभोवती खेळणारे पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी प्रसरण पावते आणि ओतीव लोखंडालाही तडा घालते. यावर तोडगा म्हणून गाडीवाल्यांनी मध, ग्लिसरीन, रॉकेल अशा नाना जिनसा आजमावल्या, आणि अखेर लाकडापासून निघणाऱ्या स्वस्त मिथिल अल्कोहोलवर पुष्कळांची भिस्त राहिली. ते 65 अंश सेल्सियसलाच उकळत असल्याने एखादा लांबलचक चढ चढून गाडी थांबली, की रेडिएटरच्या झाकणापाशी त्याचा उग्र दर्प येई. थंडी सरेतो ते वारंवार भरावे लागे, पण वसंतात ओतून द्यावे इतके ते उरतही नसे.

फ्रेंच रसायनज्ञ व्युर्त्झ याने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेले एथिलीन ग्लायकॉल युनियन कार्बाइडने 1927 साली ‘प्रेस्टोन’ या नावाने मोटारींसाठी बाजारात आणले. याचा उत्कलनबिंदू 197 अंश, आणि निम्मे पाणी मिसळले तरी उणे 35 अंशांच्या आसपास ते तग धरते. मात्र जे उडून जात नाही ते कधीतरी, कोठेतरी ओतावे लागते, आणि त्यातील गंजरोधके झिजली की ते गॅरेजमागच्या मातीत किंवा गटारात रिचवण्याची वहिवाट पडली. मातीतील जंतू ग्लायकॉलचे विघटन करतात हे खरे; परंतु तेच ओढ्यात गेले तर त्या खटाटोपात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो, आणि तांब्यापितळेच्या रेडिएटरला दिलेल्या डाखातले शिसे जे त्यात उतरलेले असते, त्याचे विघटन मुळीच होत नाही.

शिवाय ग्लायकॉल चवीला गोड. फरशीवरचे थारोळे कुत्र्याने चाटले, की मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचून काही दिवसांत त्याचा अंत होई. या द्रवात अतिकडू डेनाटोनियम मिसळण्याची सक्ती ऑरेगन राज्याने 1991 साली कायद्याने केली, आणि 2012 साली कारखानदारांनी ते मिसळणे स्वखुशीने देशभर मान्य केले. तहानलेले जनावर कडूपणाला कितपत भीक घालते, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे. कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉलही बाजारात आहे, पण ते महाग.

माझ्या मते खरा फरक पडला तो 1990 च्या दशकात आलेल्या, पाच-पाच वर्षे टिकणाऱ्या सेंद्रिय आम्लयुक्त द्रवाने. ओतण्याची पाळीच लांबली. उरलेले गाळून वा ऊर्ध्वपातनाने पुन्हा वापरात आणता येते, मात्र त्यासाठी गॅरेजवाल्याला त्याचे पिंप निराळे ठेवावे लागते. त्यात इंजिन ऑइल किंवा पेट्रोल मिसळले, की ते शुद्ध करणे फारच जिकिरीचे होते.